नाच घ्या, पण त्याचा आवाज पुसू नका

भाताची कापणी उरकली आहे. खळ्यावर वीस-पंचवीस बाया-माणसे एकमेकांच्या कमरेला हात घालून गोलात नाचत आहेत. मध्ये तारपा वाजवणारा वाकून चालतो आहे, फुंकून फुंकून त्याचे गाल फुगले आहेत. पण चित्रफितीत तारपा ऐकू येतच नाही. ऐकू येते ते परदेशी क्लबात वाजणारे टेक्नो, आणि पावले त्याच्या ठोक्यावर अशी नेमकी पडतात की पाहणारा आधी चकित होतो आणि मग हसतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या नाचांची अशी रूपे नाशिकमध्ये घरोघरच्या मोबाइलवर येऊन पोचली आहेत. लेझमीवर पंजाबी रॅप, कथकवर डीजेचे रिमिक्स, दिंडीतल्या पावलीवर सिनेमातले उडते गाणे, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या कोळीनृत्यावर इंग्रजी पॉप असे प्रकारही त्यांच्या जोडीला आहेतच.

या खेळाला माझा विरोध नाही, आणि तो का नाही हे आधी सांगायला हवे. या विषयावर बोलणारे बहुतेक जण एकतर संस्कृतीची विटंबना झाली म्हणून आरडाओरड करतात, नाहीतर गंमत आहे, सोडून द्या म्हणून मोकळे होतात. या दोघांनीही नाच नीट पाहिलेला नाही, असे मला वाटते. माझा आक्षेप नेमक्या एका गोष्टीला आहे. ज्यांनी नाच केला त्यांना न विचारता आणि त्यांचे नाव-गाव कुठेही न ठेवता त्यांचा मूळ आवाज पुसून टाकला जातो. गाणे बदलण्यापेक्षा हे फार मोठे कृत्य आहे, आणि ते किती मोठे आहे हे कळण्यासाठी मुळात हे जुळते कसे ते समजून घ्यावे लागेल.

माणूस सहज चालत असतो तेव्हा मिनिटाला साधारण 110 ते 120 पावले टाकतो. पायांची लांबी आणि शरीराचे वजन यांतून हा वेग येतो, त्यामुळे तो पेठमध्ये आणि बर्लिनमध्ये फारसा वेगळा नसतो. नाचण्यासाठी केलेले संगीतही याच वेगाच्या आसपास घुटमळते. क्लबमधले हाउस संगीत मिनिटाला 120 ते 130 ठोक्यांचे असते. म्हणजे एका टोकाला शेतावरचा नाच आणि दुसऱ्या टोकाला संगणकावर तयार केलेले संगीत असले, तरी दोन्ही एकाच जातीच्या पायांसाठी घडलेली आहेत. थोडाफार फरक उरलाच तर ॲपमध्ये चित्राची गती कमी-जास्त करता येते.

उरलेले काम आपला मेंदू करतो. दिसलेली हालचाल आणि ऐकू आलेला ठोका जवळजवळ एकाच वेळी आले तर तो त्या दोन्हींना एकच घटना मानतो. गोदाघाटावर पलीकडच्या काठाला कोणी धुणे धूत असेल तर कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तरी तो आवाज त्याच कपड्याचा आहे याविषयी आपल्या मनात शंका येत नाही. दूरचित्रवाणीच्या प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या सवलतीचे मापच देऊन ठेवले आहे. आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला, तोवर सर्वसाधारण प्रेक्षकाला चूक जाणवत नाही. सेकंदाला दोन ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर 500 मिलिसेकंदांचे असते. त्यातले 170 मिलिसेकंद, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, मेंदूने ‘जुळले’ म्हणायला मोकळा सोडलेला असतो. ठोक्यांच्या मधल्या अर्ध्या मात्रा धरल्या तर ही शक्यता आणखी वाढते. शिवाय जुळलेली पावले लक्षात राहतात, न जुळलेली डोळ्यांवरून निघून जातात.

कथकच्या बाबतीत हिशोब आणखी सोपा आहे. तीनताल सोळा मात्रांचा, आणि पाश्चात्त्य पॉप चार-चार ठोक्यांच्या घरांत मोजले जाते. चार चोक सोळा. वेग एकदा जुळवला की तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा करून, नर्तिका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते आणि त्याच क्षणी गाण्याचाही जोरकस ठोका पडतो. पाहणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघते, ती दाद खरी असते. तीच नर्तिका सात मात्रांच्या रूपकात किंवा दहा मात्रांच्या झपतालात नाचली असती, तर त्या गाण्याशी तिचे काही जमले नसते आणि ती चित्रफीत कोणी पुढे पाठवलीही नसती. ‘काहीही कशावरही बसते’ हा समज त्यातूनच होतो. जे बसत नाही ते आपल्यापर्यंत येतच नाही.

आपल्याकडे नृत्याचा विचार करणाऱ्यांनी नृत्त आणि नृत्य असा भेद फार पूर्वीच केला आहे. नृत्त म्हणजे निव्वळ लयीतली अंगाची हालचाल, नृत्य म्हणजे त्या हालचालीतून सांगितलेला अर्थ. या चित्रफितींत नृत्त तगून राहते, नृत्य मात्र तिथल्या तिथे संपते. लावणीचे पाहा. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा गाताना ती स्त्री दर वेळी वेगळी अदा करते. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा थट्टा. भुवई उचलली जाते ती एका विशिष्ट शब्दावर. तो शब्द काढून घेऊन खाली ढणाढणा वाजणारे काहीतरी घातले की उरते ती भुवया उडवणारी, कंबर हलवणारी बाई. मग खाली ज्या प्रतिक्रिया येतात त्या शरीराविषयी असतात. त्या बाईने जे सांगितले ते कोणी ऐकलेलेच नसते, कारण ते ऐकू येण्याची सोयच काढून टाकलेली असते. लावणी करणाऱ्या स्त्रियांनी दीडशे-दोनशे वर्षे याच नजरेशी झगडत आपली कला उभी केली, म्हणून मला याचे फार वाईट वाटते.

चित्र एकाचे आणि संगीत दुसऱ्याचे ही कल्पना नाशिकला नवी वाटायचे काही कारण नाही. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आणला आणि त्याच वर्षी आपले बिऱ्हाड आणि काम नाशिकला हलवले. 1918 मध्ये त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीही इथेच उभी राहिली. ती सगळी चित्रे मुकी होती. पडद्यावर जे चालले असेल त्याच्या जोडीला थिएटरातले पेटी-तबलेवाले त्यांना योग्य वाटेल ते वाजवत. त्यामुळे एकाच चित्रपटाला एका गावात एक संगीत मिळे, दुसऱ्या गावात दुसरे. 1931 मध्ये बोलपट आला तोवर हे चालू होते. पण त्या प्रेक्षकाला पेटीवाला समोर बसलेला दिसत होता. हा सूर पडद्यातून येत नाही, तो इथल्या माणसाने घातला आहे, हे त्याला ठाऊक असे.

संगीत नाटकाची परंपरा तर याहून बोलकी आहे. किर्लोस्करांच्या काळापासून आपल्या नाटककारांनी चाली मोकळ्या हाताने उचलल्या. कीर्तनातल्या साकी-दिंडी या वृत्तांच्या चालींपासून लावण्यांपर्यंत, पुढे ठुमऱ्या-गझलांपर्यंत आणि कानडी पदांपर्यंत त्यांना काहीही वर्ज्य नव्हते. जुनी नाटकाची पुस्तके उघडून पाहिली तर पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेले असते : चाल – अमुक. आरत्यांच्या आणि भजनांच्या चोपड्यांतही तेच आहे. ज्या चालीवर पद बांधले तिचे नाव सांगायचे, मग खुशाल आपले शब्द घालायचे. त्या काळी हे कोणी कायद्याच्या धाकाने केले नाही. गाणाऱ्याला चाल कळावी ही त्यामागची साधी गरज होती, पण त्यामुळेच मूळ कुठले आणि नवे कुठले हे शंभर वर्षांनंतरही शोधता येते. आपल्या हातात ही पद्धत तयार आहे. आज ती मोडते आहे, एवढेच.

मुद्दाम न जुळणारे संगीत हा थोर कलाप्रयोगही असू शकतो, हे मान्य करायला हवे. अमेरिकेत नर्तक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून असे नाच केले की ज्यांत नाच आणि संगीत वेगवेगळे तयार होई. दोघांत समान काय, तर फक्त कालावधी. नर्तकांना अनेकदा ते संगीत पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच प्रथम ऐकायला मिळे. 1964 च्या जागतिक दौऱ्यात ही मंडळी भारतातही येऊन गेली. त्यांच्या प्रयोगात नाच आणि संगीत दोघे बरोबरीने रंगमंचावर उभे राहत, आणि हे असे होणार याला नाचणाऱ्याने होकार दिलेला असे. आपल्या मोबाइलवरच्या प्रकारात नाचणाऱ्याला यातले काही माहीतच नसते. तुम्ही स्वतः नाचा आणि त्यावर हवे ते गाणे घाला, त्यात कोणाचे काही जात नाही. नाशिकमधली कित्येक मुले-मुली कॉलेजच्या गच्चीवर किंवा गोदापार्कात असे सुंदर प्रयोग करतात. कथकचे तोडे रॅपवर बसवून दाखवणाऱ्या मुलीने दोन्हींचा अभ्यास केलेला असतो. ते पाहताना मी खूश होतो.

आता माझ्या म्हणण्याच्या गाभ्याकडे येतो. पाश्चात्त्य नाचात बहुतेक वेळा संगीत बाहेरून येते आणि नाचणारा त्यावर नाचतो. आपल्याकडच्या कितीतरी नाचांत नाचणाराच वाजवणारा असतो. लेझीम हे नाचाचे नाव आणि वाद्याचेही. लाकडी दांडा, त्याला साखळी, साखळीत लोखंडी चकत्या. प्रत्येक वाकण्यात, प्रत्येक झेपेत तो खळ्ळकन आवाज निघतो आणि शंभर पोरांचा तो आवाज एकदम आला की अंगावर काटा येतो. हलगीने घाई धरली की लेझीमही तिच्यामागे धावते. यातला आवाज काढून घेतला तर शाळेची कवायत उरते. कथकच्या घुंगरांचेही तेच. नर्तिका शंभर घुंगरांतून एकाच घुंगराचा आवाज काढून दाखवते, तो तिच्या वर्षानुवर्षांच्या रियाजाचा पुरावा असतो. तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला दिंड्या येतात. पावली खेळणाऱ्या वारकऱ्याच्या हातात टाळ, मुखात अभंग आणि पायांत पावली. या तिन्हींचे मिळून एकच काम चाललेले असते. त्यातले पाय तेवढे ठेवून टाळ आणि अभंग कापून टाकणे म्हणजे त्या माणसाने जे केले त्याचा दोन-तृतीयांश भाग फेकून देणे. कळवण-बागलाणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर रात्र-रात्र नाच चालतो. त्यात उतरलेली माणसे व्रतस्थ असतात, तो करमणुकीचा कार्यक्रम नसतो. आणि तारप्याचा नाच तर वादकाशिवाय उभाच राहत नाही. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पानांचा लांब कर्णा यांतून तो सूर निघतो. वादक सूर बदलतो तसा नाचाचा चाळा, म्हणजे पावलांचा प्रकार, बदलतो, गोलाचा वेग बदलतो. गोल कधी उघडायचा, कधी मिटायचा, हे सूर सांगतो. म्हणजे चित्रात जो माणूस मध्ये वाकून चालताना दिसतो तो त्या सगळ्याचा सूत्रधार असतो, आणि आपण नेमका त्याचाच आवाज बंद करतो. टेक्नो घातलेल्या चित्रफितीत तो कोणी विचित्र फुंकणी घेऊन फिरणारा म्हातारा वाटतो. त्याच्यावरच सगळ्यात जास्त हसले जाते.

आवाज सोबत गेला तर काय होते, याचे उदाहरण नाशिकइतके चांगले दुसऱ्या कोणाकडे नसेल. केरळात लग्नात, उत्सवांत, मिरवणुकांत ‘नासिक ढोल’ नावाने पथके वाजतात. तिथल्या मल्याळम बोलणाऱ्या पोरांनी गोदावरी पाहिलेली नसेल, विसर्जन मिरवणूक जिथून निघते ती वाकडी बारव ऐकलेली नसेल, पण आपल्या शहराचे नाव ते वाद्याबरोबर घेतात. ढोल तिथे गेला तो त्याच्या घुमाऱ्यासह, ताशाच्या तर्रीसह गेला. म्हणून नावही गेले. तिथे त्यांनी त्यात आपले बदल केले असतील, करावेत. संगीत असेच पसरते. आता कल्पना करा की आपल्या पथकांची फक्त मुकी चित्रे केरळात पोचली असती आणि तिथल्या कोणी त्यावर दुसरेच काही वाजवले असते. ढोल बडवणारी घामाघूम माणसे तेवढी दिसली असती. नाशिकचे नाव कोणी कशाला घेतले असते?

हे पुसणे घडते कसे, त्यामागची यंत्रणाही पाहण्यासारखी आहे. 29 जून 2020 ला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. जुलैत इंस्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. या सगळ्या ॲपांत मूळ ध्वनीवर बोट ठेवले की तो कोणाचा, हे दाखवणारे पान उघडते. सोय चांगली आहे. पण चित्रफीत उतरवून घेतली, आवाज काढला, दुसरे गाणे लावले आणि नव्याने चढवली की तो धागा तुटतो. मूळ चढवणाऱ्याने खाली लिहिलेली गावाची ओळ जाते, पथकाचे नाव जाते. चार हातांतून गेल्यावर ही माणसे कुठली, नाच कुठला, हे सांगणारे काहीच उरत नाही.

याउलट घातलेल्या गाण्याचे नाव मात्र कायम टिकते. यूट्यूबने 2007 मध्ये कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आणली. नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणाची खूण तिच्याकडे साठवलेली असते आणि ते गाणे कुठेही वाजले तरी ती ओळखते, मग हक्कदार कंपनी ती चित्रफीत रोखू शकते किंवा तिच्यावरचे उत्पन्न घेऊ शकते. ध्वनिमुद्रण ज्याने नोंदवले त्याला ती ओळखते. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या तारप्याची नोंद कोणी केली आहे? त्यामुळे एकाच चित्रफितीत गाण्याचा मालक सेकंदात सापडतो आणि नाचाचा मालक कधीच सापडत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागे सिनेगीत वाजत असेल तर पालकांनी काढलेल्या चित्रफितीचा आवाज बंद होतो, हा अनुभव अनेकांना आहे. कंपनीच्या गाण्यासाठी यंत्र एवढे दक्ष असते आणि माणसाच्या नाचासाठी कोणीच नसते, ही विषमता मला खुपते. ती आपोआप झालेली नाही. कोणाचा आवाज जपण्यासाठी पैसा खर्च करायचा, हे कोणीतरी ठरवले म्हणून झाली.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कला सादर करणाऱ्याची व्याख्या करताना नट, गायक, वादक आणि नर्तक यांच्याबरोबर कसरती करणारे, जादूगार आणि गारुडीही धरले आहेत. 2012 च्या दुरुस्तीने त्यात 38-ब हे कलम आले. सादर करणाऱ्याला आपले नाव लावले जावे असा हक्क आहे, आणि त्याच्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड किंवा बदल झाला तर तो रोखण्याचा किंवा भरपाई मागण्याचा हक्क आहे. केवळ लांबी कमी करायला केलेली काटछाट त्यात मोडत नाही. लेझमीवरचे प्रत्येक रॅप या कलमात बसेल, असे माझे म्हणणे नाही. ते न्यायालय प्रत्येक प्रकरणाचे वेगळे ठरवील. शिवाय पेठचा शेतकरी वकील करून मुंबईला खेटे घालणार नाही, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून हा प्रश्न मला कायद्यापेक्षा रीतीचा वाटतो. पण नाचणाऱ्याला नाव असते, हे निदान देशाच्या कायद्याने म्हटलेले आहे, एवढे चित्रफिती बनवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

यावर नेहमीचे उत्तर येते की यामुळे तर लोककलेला प्रसिद्धी मिळते. मी हे उत्तर गांभीर्याने घेतो, कारण पाहणाऱ्यांची संख्या खरोखरच प्रचंड असते. पण प्रसिद्धी कशाची, असे विचारायला हवे. नाचाचे नाव कळले नाही, गाव कळले नाही, वाद्य ऐकले नाही. चित्रफीत पाहणाऱ्याला उद्या त्या पथकाला कार्यक्रमाला बोलवायचे असेल तर तो कोणाला फोन करील? नाव-पत्त्याशिवायच्या प्रसिद्धीतून वादकाला सुपारी मिळत नाही, आणि त्याच्या पोरांना तर शहरात शिकायला आल्यावर तीच चित्रफीत दाखवून चिडवले जाते. वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलांना हे सोसावे लागते. ज्या नाचाचा अभिमान घेऊन घर सोडले त्याच्यावर अनोळखी लोक हसतात आणि का हसतात हे कळत नाही, तेव्हा त्या वयात माणूस तो नाच सोडून देतो. एक पिढी अशी गप्प झाली तर पुढे जपायला काय उरणार?

दुसरे उत्तर असे की इंटरनेटवर प्रत्येकाला विचारत बसणे शक्य नाही. खरे आहे, नेहमी शक्य नसते. पण मूळ चित्रफीत ज्या खात्यावर सापडली त्याचे नाव लिहायला अर्धा मिनिट लागतो. गाणे घालण्याआधी मूळ आवाज पहिले सात-आठ सेकंद ऐकू द्यायला तेवढाही वेळ लागत नाही. माझ्या मते त्याने गंमत वाढतेच. आधी खरी चाल ऐकलेल्या प्रेक्षकाला नंतरचे जुळणे किती अवघड होते हे कळते आणि तो दोघांनाही दाद देतो. ज्यांचा नाच आहे त्यांनी काढा म्हटले तर वाद न घालता काढावे. वारीचा किंवा डोंगऱ्यादेवाचा नाच, जिथे माणसे देवासमोर उभी असतात, तो या खेळात मुळात घेऊच नये. आणि लहान मुलांच्या चेहऱ्यांशी तर खेळूच नये, तिथे माझ्याकडे कोणतीही सवलत नाही.

याच तंत्राची एक बाजू अशी आहे की जिथे हसण्यासारखे काहीच नाही. नाचणाऱ्या गर्दीवर कोणताही ठोका बसतो, तशीच चालत्या मिरवणुकीवर कोणतीही घोषणा बसते. ओठ दुरून दिसत नाहीत, हात वर गेलेले दिसतात, उरलेले काम मेंदू करतो. मघाशी सांगितलेली तीच सवलत इथेही लागू होते. जुन्या नाशिकच्या अरुंद रस्त्यांतून गणेश विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते, त्याच भागातून शिवजयंतीच्या, आंबेडकर जयंतीच्या आणि ईदच्या मिरवणुका फिरतात. एखाद्या मिरवणुकीच्या खऱ्या चित्रावर चिथावणीखोर गाणे किंवा घोषणा चिकटवून ती दुसऱ्या वस्तीत पोचवायला चार मिनिटे पुरतात. मूळ आवाज कुठेच नसला तर खोटे ठरवायचे कशाच्या आधारावर? म्हणून मूळ आवाज मिळण्याची सोय हा शहराच्या शांततेचाही प्रश्न आहे. ज्यांना तारप्याशी काही देणेघेणे नाही त्यांनीही या कारणासाठी तरी त्याचा विचार करावा.

2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. आखाड्यांच्या मिरवणुका, शंख, डमरू, नगारे, नाचणारे साधू आणि समोर लाखो मोबाइल असतील. आपण आजवर पाहिली नसेल एवढी चित्रे त्या काही आठवड्यांत गोदाकाठी निघतील आणि त्यांतली कित्येक दुसऱ्याच आवाजात जगभर फिरतील. प्रशासन त्या काळात स्वतःचे चित्रीकरण करणारच आहे. ते मूळ आवाजासह, तारीख-वेळ-ठिकाण लिहून सगळ्यांना पाहता येईल असे खुले ठेवावे, अशी मागणी आत्ताच करायला हवी. काही खोटे पसरले तर दोन मिनिटांत शेजारी खरे ठेवता यायला हवे.

गणेश मंडळे आणि ढोल पथके यांना कोणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. सराव सुरू झाला की एखाद्या संध्याकाळी, रहदारी कमी असताना, आपल्या ठेक्यांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण करावे आणि ते पथकाच्या खात्यावर स्वतंत्र ध्वनी म्हणून चढवावे, म्हणजे रील बनवणाऱ्याला यादीत ते सापडेल. शाळांनी लेझमीचे आणि टिपरीचे तसेच करावे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर ज्या शिक्षकांकडे बरा मोबाइल आहे त्यांनी तारपा आणि पावरी वाजवणाऱ्यांना विचारून, त्यांचे म्हणणे ऐकून, हे काम हाती घेतले तर ते फार मोलाचे होईल. आणि पथकाचे नाव व गाव आवाजात किंवा खालच्या ओळीत ठेवून भागत नाही, ते दोन्ही कापले जातात. ते ढोलाच्या पानावर, ध्वजाच्या कापडावर, चित्रात मधोमध दिसेल असे मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावे.